वजनाची घाई करू नका : डी-लाइनवर खेळणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरावीत, सहा फूट तीन इंच, वजन २४५ पौंड, ओहायोतल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे डी-लाइन या बचावाच्या पुढच्या फळीत टोकाला. शाळेतले कोच म्हणतात, त्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत २८० वर न्या, मग मोठी कॉलेजं आपणहून येतील. दोन कॉलेजांकडून मेसेज आले आहेत. वजन वाढवायचं का, कॉलेज कशावरून निवडायचं आणि घरच्या शाकाहारी जेवणावर हे सगळं निभेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी कोण ते आधी सांगतो. मी सांगली जिल्ह्यातला, लहानपणी चार वर्षं तालमीत काढली. ओहायोत आलो १९९८ साली. धाकटा मुलगा डी-लाइनवर खेळला, आधी हायस्कूलला, मग एका लहान कॉलेजात. गेले अकरा हंगाम मी आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या लाइन कोचच्या हाताखाली संध्याकाळी मदत करतो. त्यामुळे ही मुलं मी रोज जवळून बघतो.

वजन आत्ता घाईनं वाढवू नका. हे इतकं ठामपणे सांगतोय कारण माझ्या घरात ते घडलंय. मुलगा कॉलेजात गेला त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याला सांगण्यात आलं, ऑगस्टपर्यंत तीस पौंड वाढव. पोरगं आज्ञाधारक, त्यानं वाढवले. सप्टेंबरमध्ये मी त्याच्या सामन्याची टेप बघायला बसलो आणि पोटात गोळा आला. पूर्वी समोरच्या सेंटरनं चेंडू उचलून डाव सुरू केला (याला स्नॅप म्हणतात) की त्याच क्षणी याचं पहिलं पाऊल पडायचं. आता समोरचा गार्ड, म्हणजे अडवणारा खेळाडू, छातीला येऊन भिडला तरी याचा हात अजून जमिनीवरून सुटत होता. ऑक्टोबरमध्ये गुडघा गेला आणि अख्खा हंगाम पाण्यात गेला. वजन वाढलं होतं, पण ते पेलणारे पाय आणि कंबर तयार झाली नव्हती. तीच वाढ दोन वर्षांत केली असती तर पेलली असती, असं मला आजही वाटतं.

कॉलेजचे कोच मुलाकडे बघतात तेव्हा त्यांच्या मनात दोन कप्पे असतात. एक, जे आपल्याकडे आल्यावर वाढवता येईल. दुसरा, जे काही केलं तरी वाढणार नाही. वजन, ताकद, डावपेच पहिल्या कप्प्यात. उंची, हाताची लांबी, घोटा आणि कंबर वाकण्याची तयारी, पहिल्या पावलाचा झपाटा हे दुसऱ्या कप्प्यात. मोठ्या कॉलेजात आहारतज्ज्ञ असतो, वजनं उचलायची व्यायामशाळा असते, पाच वेळचं जेवण असतं. २४५ चा मुलगा तीन वर्षांत २९० चा करणं त्यांना नवीन नाही. जड पायांना हलके करणं मात्र कोणालाच जमत नाही.

आमच्या शाळेत एकदा जानेवारीत एका विद्यापीठाचे लाइन कोच आले होते. मला वाटलं फुटबॉलची टेप मागतील. ते थेट कुस्तीच्या मॅटपाशी जाऊन उभे राहिले. आमच्या लाइनवरचा एक मुलगा तिथे सराव करत होता. वीस मिनिटं हे गृहस्थ फक्त त्याच्या पायांकडे बघत होते. ढकलल्यावर पाय एकमेकांत अडकतात का, खाली गेल्यावर टाच उचलली जाते का, पडल्यावर किती पटकन उठतो. निघताना एकच प्रश्न विचारला, ‘मोठा भाऊ आहे का? त्याची उंची किती?’ मुलगा अजून किती भरणार याचा अंदाज ते घरच्यांवरून बांधतात. तुमच्याकडे येतील तेव्हा तुमच्या आणि साहेबांच्या खांद्यांकडेही बघतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

अर्थात हे मोजमाप चुकतंही. डी-लाइनचा गाजलेला खेळाडू ॲरन डोनाल्ड पिट्सबर्गच्या पेन हिल्स हायस्कूलचा. उंची जेमतेम सहा फूट एक, म्हणून मोजक्याच कॉलेजांनी विचारलं आणि तो घराजवळच्या पिटला, म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठात, गेला. वडिलांनी घराच्या तळघरात व्यायामशाळा केली होती आणि पहाटे साडेचारला त्याला उठवून घाम गाळायला लावत. २०१३ च्या हंगामात त्यानं ११ सॅक घेतले, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडलं, चेंडूवाल्याला साडेअठ्ठावीस वेळा रेषेच्या मागेच पाडलं आणि आउटलंड, लोम्बार्डी, बेडनारिक, नागुर्स्की असे चारही मोठे पुरस्कार नेले. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. ज्या कमी उंचीमुळे त्याला नाकारलं तीच त्याच्या कामी आली. तीनशे पौंडांच्या गार्डच्या छातीखाली तो शिरायचा आणि गार्डला हात ठेवायला जागाच उरायची नाही.

लाइनवरचं सगळं भांडण याच जागेसाठी असतं. हेल्मेट कोणाचं खाली, हात कोणाचे आत. आमच्या मैदानावर लोखंडी पाइपांचा एक बुटका मांडव आहे, त्याला चूट म्हणतात. मुलानं स्नॅपबरोबर त्याच्याखालून वाकूनच बाहेर पडायचं. नवीन मुलगा दुसऱ्याच पावलाला उभा होतो आणि हेल्मेट पाइपवर खणकन आपटतं. पहिल्या आठवड्यात ते खणखण मैदानभर ऐकू येतं, ऑक्टोबरपर्यंत थांबतं. मला दरवेळी आमच्या वस्तादांची आठवण येते. ते काठीनं कमरेला स्पर्श करायचे, ‘कंबर खाली, डोकं वर.’ शब्दन् शब्द तोच.

हातांचंही तसंच. कुस्तीत सुरुवातीची खडाखडी असते ना, मनगट झटकणं, कोपर दाबणं, मानेवरचा हात काढणं, पास रश (चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणं) म्हणजे तीच खडाखडी, फक्त दोन-तीन सेकंदांत उरकायची. म्हणून त्याला हिवाळ्यात कुस्ती सोडू देऊ नका. हायस्कूल कुस्तीत सगळ्यात वरच्या गटाची मर्यादा २८५ पौंड आहे, तो आरामात बसतो. मिशिगनचा मेसन ग्रॅहम हायस्कूलला कुस्ती खेळायचा; २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) क्लीव्हलँडनं त्याला पाचव्या क्रमांकावर घेतला. त्याचा तोल आणि हात बघा, मॅटवरचा माणूस लगेच ओळखू येतो.

आणि जागा बदलेल, याची मनाची तयारी ठेवा. हायस्कूलचे कितीतरी एंड कॉलेजात आतल्या बाजूला, टॅकलला जातात. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड, म्हणजे आक्रमणाकडचा खेळाडू, होता. ते सोडून तो विस्कॉन्सिनला स्कॉलरशिपशिवाय गेला, मधल्या काळात पिझ्झा पोचवले, तिथे डी-लाइनवर उभा राहिला आणि २०११ मध्ये ड्राफ्टमध्ये ११ वा गेला. आतल्या जागेवर गेलं की दोन-दोन जण एकदम अंगावर येतात आणि ते अडवून धरल्याचा आकडा कुठेच छापून येत नाही. फळीमागचा लाइनबॅकर मोकळा सुटून चेंडूवाल्याला पाडतो, टाळ्या त्याला. मुलाला हे काम आवडेल का, हे आत्ताच विचारून ठेवा.

आता कॉलेज. तिथल्या खेळाडूंना हायस्कूलमध्ये गुणांकनाचे किती तारे मिळाले होते ते बघू नका. जॉर्डन डेव्हिस तीन ताऱ्यांचा होता. जॉर्जियात चार वर्षं राहिला, २०२२ च्या कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला, ३४१ पौंडांच्या देहानं ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला आणि पहिल्याच फेरीत गेला. त्याच ड्राफ्टचा पहिला क्रमांक होता त्याच्याच लाइनवरचा ट्रॅव्हन वॉकर, ज्याचे २०२१ च्या अख्ख्या हंगामात सहाच सॅक होते. जॉर्जिया तेव्हा सात-आठ जण आलटून पालटून उतरवायची. त्यामुळे आकडे कमी, पण सामन्याच्या शेवटी, चौथ्या क्वार्टरलाही पाय ताजे, आणि राखीव मुलगा खऱ्या सामन्यात तयार होत राहतो. तुमच्या मुलाला असं घर हवं. २०१८ पासून नियमही मदतीला आहे, पहिल्या वर्षी चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष खेळण्याच्या ठरलेल्या वर्षांत न धरता राखून ठेवता येतं.

मात्र अलीकडे एक गोष्ट अवघड झाली आहे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ पासून कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२१ च्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या हाउस खटल्याच्या तडजोडीला न्यायालयानं मंजुरी दिली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना पहिल्या वर्षी (२०२५-२६) सगळ्या खेळांचे मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली आणि फुटबॉलला १०५ खेळाडूंची मर्यादा आली. खेळाडूंना पैसे मिळाले हे योग्यच झालं. पण डी-लाइनवर शरीर तयार व्हायला तीन वर्षं लागतात, आणि ज्या कोचला यंदाच जिंकायचंय तो अठरा वर्षांच्या पोरासाठी थांबण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार टॅकल पोर्टलमधून आणतो. त्यात तुमच्या मुलाची जागा जाऊ शकते.

म्हणून भेटीला जाल तेव्हा स्टेडियम आणि लॉकररूम बघून झालं की हेड कोचला नाही, लाइन कोचलाच विचारा: गेल्या दोन वर्षांत पोर्टलमधून किती डी-लाइनमन आणले? हायस्कूलमधून घेतलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकले? तुम्ही स्वतः इथे किती वर्षं आहात? लॅरी जॉन्सन पेन स्टेटमध्ये १९९६ पासून होते, २०१४ मध्ये ओहायो स्टेटला आले आणि तिथे पुढे एनएफएलमध्ये गेलेले दोघे बोसा भाऊ आणि चेस यंग त्यांच्या हाताखाली तयार झाले. एवढी वर्षं एका जागी शिकवणारा माणूस मिळाला तर बाकी बऱ्याच गोष्टींकडे दुर्लक्ष करता येतं. उत्तर देताना जो कोच चुळबुळ करेल, तिथे मी मुलगा पाठवणार नाही.

मार्कांचं थोडक्यात: डिव्हिजन वनसाठी (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) सोळा ठरलेले विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो. मुलगा अभ्यासात चांगला असेल तर आयव्ही लीग या नामांकित विद्यापीठांच्या गटाचाही विचार करा. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, पण घरच्या उत्पन्नानुसार मदत मिळते.

शाकाहाराची काळजी नको. अंडी चालत असतील तर फारच सोपं. दूध, पनीर, घट्ट दही, उसळी, राजमा, शेंगदाणे, आणि प्रत्येक जेवणात भात किंवा पोळी भरपूर. तीन वेळा पोटभर खाण्यापेक्षा पाच वेळा खाऊ द्या, सकाळी शाळेआधी नक्की. वजन महिन्याला दोन पौंडांच्या वर जाऊ देऊ नका, आणि दर महिन्याला दहा यार्डांची धाव घड्याळावर लावा. वेळ वाढली की वजन तिथेच थांबवा, पुन्हा खाली आली की पुढे.

या हंगामातल्या एखाद्या हरलेल्या सामन्याची पूर्ण टेप असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. निवडक चांगले तुकडे नकोत. चौथ्या क्वार्टरमध्ये, दमल्यावर, त्याचं पहिलं पाऊल कसं पडतं ते मला बघायचंय.