कमी पगारात भागेल का?

प्रश्न : नोकरीने पार पिळून काढलंय, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडतं. सोडून कमी पैशात राहावं म्हणतोय, पण धीर होत नाही. काय करू?

उत्तर : राजीनामा लगेच देऊ नका, आधी तीन-चार महिने तेवढ्याच कमी पैशात राहून बघा, म्हणजे जो पगार पुढे मिळेल असं वाटतंय तेवढाच खर्चायचा आणि उरलेला वेगळ्या खात्यात टाकायचा, त्यातून भागतं का तेही कळतं आणि गाठीला पैसेही जमतात. कर्जाचे हप्ते असतील तर तो हिशोब सगळ्यात आधी. आणि हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तोही जातो, हे बरेच जण विसरतात (वर्षातून एकदाच येणारे खर्चसुद्धा असेच विसरले जातात!), स्वतःची पॉलिसी आधीच घ्या. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

धडधडीसाठी मात्र डॉक्टरांना आत्ताच दाखवा, ती कामामुळेच आहे असं धरून चालू नका. बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने असं पार पिळून निघण्याला, जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये कामाशी निगडित गोष्ट म्हटलंय, आजार नाही, त्यामुळे कधीकधी नुसतं डिपार्टमेंट किंवा बॉस बदलूनही फरक पडतो, तेही विचारून बघा की.