लेकीला पार्टिकल फिजिक्स करायचंय, पुढे काय?

प्रश्न : उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-गणित चांगलं आहे. जेईईचा क्लास लावलाय, पण ती म्हणते इंजिनिअरिंग नको, पार्टिकल फिजिक्समध्ये, म्हणजे पदार्थ ज्या सूक्ष्म कणांचा बनतो त्यांच्यावर, संशोधन करायचं. पाहुणे म्हणतात, शेवटी शिकवण्याच घेत बसणार. पगार कधी सुरू होतो? लग्नाचं काय? – एक वडील, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. पाहुणे चुकीच्या जागी घाबरलेत. एमएस्सी झालेल्या हुशार मुलीला कामाची वाण पडत नाही. खरी ओढाताण होते ती पीएचडीनंतर.

वयाच्या हिशेबाने बघू. अठराव्या वर्षी बारावी, तेविसाव्या वर्षी एमएस्सी. पुढची पाच-सहा वर्षं पीएचडी. या काळात फी भरायची चिंता सहसा नसते, उलट फेलोशिप मिळते : पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, घरभाडं वेगळं. म्हणजे तुमचा खर्च तेविसाव्या वर्षी बहुतेक थांबतो. त्यानंतर येते पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी : दोन-तीन वर्षांचं कंत्राट, बहुधा परदेशात, आणि एक संपलं की दुसरं. कायमची प्राध्यापकी मिळेपर्यंत तेहतीस-पस्तीस वय होतं. आयसरसारख्या केंद्राच्या विज्ञान संशोधन संस्थेत तेव्हा मूळ वेतनच लाखाच्या वर असतं, पण जागा मोजक्या आणि उमेदवार जगभरातले. पीएचडी झालेल्या प्रत्येकाला ती खुर्ची मिळत नाही. हे तिलाही आत्ताच स्पष्ट सांगा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सतरा वर्षांचा निर्णय आज घेऊ नका. आज फक्त पाच वर्षांचा घ्या, कारण तेविसाव्या वर्षी तिच्यापुढे बरेच रस्ते उघडे असतील. फिजिक्स घेऊन एमएस्सी केलेल्यांना भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जाता येतं. रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला तर कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणोपचाराच्या डोसचा हिशेब बघणारा तज्ज्ञ, होता येतं. पीएचडी करून बाहेर पडलेले डेटा सायन्समध्ये आणि बँकांत दिसतात, ते उगाच नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय पार्टिकल फिजिक्स प्रयोगशाळेत सेकंदाला चार कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांवर आदळवतात आणि त्यातल्या जेमतेम हजारभर घटना साठवून ठेवतात. त्या ढिगातून नेमकं हवं ते शोधण्याची सवय कुठेही विकली जाते.

आता तुमच्या धंद्याशी जुळणारी गोष्ट. या विषयात थिअरी आणि प्रयोग अशा दोन वाटा आहेत, आणि प्रयोगाच्या वाटेवर वर्कशॉपमध्ये वाढलेली मुलगी मागे पडत नाही. सर्नच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात पंधरा मीटर लांबीचे, तीस टनांहून जड असे १२३२ मुख्य चुंबक आहेत. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या हिशेबात जागेवर बसवावे लागतात. ज्या जॅकवर हे चुंबक टेकलेत, ते सुमारे सात हजार जॅक भारतात तयार झाले. टॉलरन्स म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. टकरीतून निघणारे कण टिपणाऱ्या सर्नच्या सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्याच्या आयसरचे गट आहेत, आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्यही आहे. एक मात्र आहे : इथे एकट्याचं नाव फारसं होत नाही. हिग्ज या मूलभूत कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका शोधनिबंधाला ५१५४ लेखक होते! एकटीने चमकायची हौस असेल तर ही वाट तिची नाही.

थिअरीच्या वाटेचं उदाहरण म्हणजे रोहिणी गोडबोले. पुण्यात जन्म, एसपी कॉलेजात बीएस्सी, आयआयटी मुंबईत एमएस्सी, १९७९ मध्ये अमेरिकेतून पीएचडी. परत आल्यावर टीआयएफआर, मग बरीच वर्षं मुंबई विद्यापीठात शिकवणं, आणि १९९५ मध्ये बंगळुरूची आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था). फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणाच्या, वर्तनावरच्या एका परिणामाला त्यांचं नाव आहे, २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पाहुण्यांना सांगा, त्याही शिकवतच होत्या.

प्रवेशासाठी आयसरची आयएटी आणि भुवनेश्वरच्या नायसर या तशाच विज्ञान संस्थेसाठी नेस्ट, या दोन्ही परीक्षा द्यायला लावा. जेईईची तयारी तिथे वाया जात नाही. नंबर नाही लागला तर कोल्हापुरातच बीएस्सी करू दे, काही बिघडत नाही. नंतर जॅम किंवा जेस्ट या पुढच्या प्रवेशपरीक्षा देऊन बाहेर पडायचं. शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग थिन फिल्म्स (पदार्थांचे अतिपातळ थर) आणि मटेरियलसाठी नावाजलेला आहे. पण पार्टिकल फिजिक्सच हवं असेल तर एमएस्सीला गाव सोडावं लागेल.

लग्नाचं तिला विचारा, मला नको. फक्त, पोस्टडॉकच्या काळात देश बदलावे लागतात, हे जोडीदाराला आधी माहीत हवं.

परीक्षा झाल्या की दोघांनी मिळून वर्कशॉपमध्ये क्लाउड चेंबर, म्हणजे कणांचे माग दाखवणारी पेटी, बनवा. काचेची पेटी, काळा रंग दिलेली ॲल्युमिनियमची प्लेट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि खाली ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि अल्कोहोलजवळ ठिणगी येऊ देऊ नका. जमलं तर अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तयार झालेल्या म्युऑन या सूक्ष्म कणांच्या बारीक पांढऱ्या रेघा डोळ्यांनी दिसतात. पहिल्या खेपेला बहुधा काहीच दिसणार नाही. तेव्हा ती चिडून उठते की सील कुठे गळतंय ते शोधत बसते, ते बघा आणि मला कळवा.