लुडविग फॉन पास्टोर कोण होते? इतिहासकार की राजदूत?

दोन्ही, पण आधी इतिहासकार. जन्म १८५४, आखेन, जर्मनी. वडील लुथरन (प्रोटेस्टंट), आई कॅथलिक. वडील वारल्यावर ते लहानपणीच कॅथलिक झाले. फ्रँकफर्टच्या शाळेत योहानेस यान्सेन हे इतिहासकार शिक्षक लाभले आणि पुढची वाट तिथेच ठरली. नंतर ऑस्ट्रियात इन्सब्रुकला प्राध्यापक, १९०१ पासून रोममधल्या ऑस्ट्रियन इतिहास संस्थेचे संचालक. १९२० ते १९२८ ते व्हॅटिकनमध्ये ऑस्ट्रियाचे राजदूत होते. १९२८ मध्येच इन्सब्रुकला वारले.

खरं काम म्हणजे पोपांचा इतिहास: जर्मनमध्ये १६ खंड, पहिला १८८६ चा, शेवटचे मृत्यूनंतर निघाले. आधीचे जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके यांनी पोपांवर लिहिलं तेव्हा व्हॅटिकनचं दफ्तर त्यांना बंद होतं. पास्टोरना पोप तेराव्या लिओंनी ते उघडून दिलं. पोपनिष्ठ असूनही पोप सहाव्या अलेक्झांडरचं (बोर्जिया घराण्यातले) वाईट वागणं त्यांनी झाकलं नाही, आणि मला त्यांच्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

वाचताना एक घोटाळा हमखास होतो. इंग्रजी भाषांतराचे खंड ४० आहेत, त्यामुळे दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत. अलेक्झांडर जर्मन तिसऱ्या खंडात, तर इंग्रजी पाचव्या-सहाव्यात सापडतो. संदर्भ देताना भाषा आणि आवृत्ती लिहाच, नाहीतर पान शोधणाऱ्याचा दिवस फुकट जातो. तळटिपा वगळू नका. अर्धा ऐवज तिथेच आहे.