प्रकल्पाच्या फाईली छान, मुलं मात्र कंटाळलेली: माझा अनुभव

मॅडम, सातवीची मुलं प्रकल्प म्हणून झेरॉक्सच्या दुकानातली छापील चित्रं चिकटवून आणतात आणि तासाला पुन्हा ढिम्म बसतात, हे तुमचं गाऱ्हाणं वाचलं आणि आमचीच शाळा आठवली. गट कसे पाडायचे, वेळापत्रक कसं बसवायचं हे तुम्हाला सांगायला नको. आमचं घोडं कुठे अडलं तेवढं सांगते.

'शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून जातं?' हा प्रश्न आम्ही पावसाळ्यात घेतला. बाटल्या कापून पर्जन्यमापक केले. एकदा एका गटाचं माप आलं 20 मिलिमीटर, दुसऱ्याचं 13. वर्गात जुंपली! पोरं धावत जाऊन बघतात तर दुसरी बाटली कडुनिंबाखाली. एरवी हूं की चूं न करणारा एक मुलगा टेप घेऊन छपराखालची जमीन मोजायला निघाला. 12 बाय 6, म्हणजे 72 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. म्हणजे 20 मिलिमीटर पावसाला 1440 लिटर, आणि पन्हाळीखालची टाकी हजाराची! ती का ओसंडली हे त्यांचं त्यांनीच काढलं. क्षेत्रफळ मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

तेवढ्यात वरच्या एका कार्यालयाचा निरोप आला. फाईल ठरावीक नमुन्यातच हवी: प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, ऋणनिर्देश, आखलेला समास, खाडाखोड अजिबात नको. मुलांच्या वहीत 13 वर काट मारून शेजारी 'झाडाखाली' असं लिहिलेलं होतं. अहो, सगळं शिक्षण त्या काट मारण्यातच होतं! फोन करून विनवलं, तर उत्तर एकच, "नमुन्यात बसवा." पावसाचे चांगले दिवस सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्यात गेले. "बाई, मोजायचं की लिहायचं?" असं मुलं विचारायची. पुढे तेही विचारेनाशी झाली. त्याचा राग मला अजून आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: कच्ची वही हाच प्रकल्प. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची, नोंद तिच्यावरूनच करा. कार्यालयाला नमुना हवा असेल तर एक पान तुम्ही भरा, मुलांना त्यात ओढू नका. आणि काम शाळेच्या वेळेतच, घरी दिलं की पालकच करतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात त्याचे संस्थापक डॉ. कलबागांनी 1983 पासून मुलांना गावाच्या उपयोगी पडणारी कामं करायला लावली. काम नीट झालं की नाही हे तिथे गावालाच दिसतं, फाईल लागतेच कशाला?

अर्थात नियम जागोजागी वेगळे लावतात, तेव्हा केंद्रप्रमुखांशी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांशी) आधी बोलून घ्या. पटसंख्या मोठी असेल तर हे कितपत जमेल, मी छातीठोक सांगणार नाही.

आणि हो, बाटलीचा तळ खाली-वर असतो. सरळ भाग सुरू होईपर्यंत आधी पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा आणि मगच बाटली उघड्यावर ठेवा.