‘लाइन डेड आहे’ असं कुणी म्हणालं, तर

प्रिय बाळा,

डायव्हिंग सुपरवायझरची परीक्षा पास झालास आणि पहिल्याच मोसमात समुद्रातले तेलाचे जुने प्लॅटफॉर्म काढण्याच्या कामावर निघालायस, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. शेवटी तिने हळूच विचारलं, “काका, हे काम आधीच्यापेक्षा सोपं ना? तेल तर बंदच झालंय.” तिच्या जिवाला घोर नको म्हणून मी विषय बदलला. पण तेच मत मी बोटीवरच्या भल्याभल्यांकडूनही ऐकलंय, म्हणून तुला लिहायला बसलो.

मुंबई हायचं समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं १९७४ मध्ये. तिथलं कितीतरी लोखंड आता चाळिशी ओलांडून गेलंय. समुद्रातल्या ताप्ती गॅसक्षेत्राचे पाच वेलहेड (विहिरींवरचे) प्लॅटफॉर्म काढले, ते आपल्या देशातलं अशा प्रकारचं पहिलं काम. आता हे वाढतच जाणार. जुन्या प्लॅटफॉर्मची पंचाईत अशी, की त्याला अंगाखांद्यासकट ओळखणारी माणसं केव्हाच निवृत्त झालेली असतात. ड्रॉइंगवर एक व्हॉल्व्ह, खाली पाहावं तर दोन. मध्येच कधीतरी क्लॅम्प बसवलेला, त्याची नोंद कुठेच नाही. आणि डेकवर जो तो सांगतो, “लाइन डेड आहे.”

म्हणजे पाइप बंद आहे, आत दाब नाही. हे वाक्य कानावर पडलं की तू थांब. कुणी बंद केली, कशाने बंद केली, बंद केल्याचा टॅग कुणाच्या नावाचा आहे, आणि आत काय भरलंय, हे विचार. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत.

माझ्या एका कामात जुन्या रायझरचा, म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या पाइपाचा, तळाचा फ्लँज (बोल्टचा जोड) उघडायचा होता. परमिटवर सगळ्यांच्या सह्या होत्या, वरचा दाबाचा गेज शून्य दाखवत होता, सगळे खूश. मी विचारलं, आत पाणी आहे की नुसती हवा? कुणालाच ठाऊक नव्हतं. आत हवा असेल आणि वर शून्य असेल, तर तळाशीही आत जवळजवळ शून्यच. बाहेर मात्र पंचाहत्तर मीटर पाणी, म्हणजे साडेसात बार दाब. बारा इंची पाइपाच्या तोंडावर हा फरक साडेपाच टनांच्या आसपास जोर लावतो. फरक फक्त दहा मीटर पाण्याचा असला तरी पाऊण टन होतो. डायव्हरचा हात त्या फटीपाशी गेला, तर ओढून काढायला क्रेनही कामाची नाही. मी लाइन पाण्याने भरून घ्या म्हटलं. क्लायंटचा माणूस चिडला, बोटीचं दिवसाचं भाडं ऐकवलं. अर्धा दिवस ती लाइन पाणी पीतच राहिली. रिकामी होती. याआधी दोनदा असाच प्रश्न न विचारता मी माणूस खाली सोडला होता. दोन्ही वेळा काही झालं नाही, पण त्या दोन रात्री अजून मला झोपेतून उठवतात.

त्रिनिदादमध्ये २५ फेब्रुवारी २०२२ ला नेमकं हेच घडलं. तीस इंची लाइनवर देखभालीचं काम चाललं होतं. आधी लाइनमधलं तेल काढल्याने आत पोकळी राहिली होती. पाइप बंद करणारा प्लग काढला आणि पाचही डायव्हर एका झटक्यात पाइपात ओढले गेले. एकजण रांगत बाहेर आला. चौघे आले नाहीत. त्या घटनेबद्दल मिळेल तेवढं वाच, आणि वाचताना तुझ्या कामाचा प्लॅन शेजारी ठेव. प्लग निघाल्यावर पाणी कुठून कुठे धावेल, हे त्यात एका ओळीत लिहिलेलं सापडलं पाहिजे. माणूस अडकला तर त्याच्यामागे कोण जाणार, कुठल्या अंबिलिकलवर (डायव्हरला वरून श्वासाचा वायू पोचवणाऱ्या नळीवर), हेसुद्धा.

कापण्याच्या कामाचंही तसंच आहे. ऑक्सिजन आर्कने, म्हणजे वीज आणि ऑक्सिजनच्या रॉडने, कापताना न जळलेला ऑक्सिजन आणि हायड्रोजन वर चढतात आणि सांगाड्याच्या पोकळ नळ्यांमध्ये किंवा वरच्या प्लेटखाली साचून राहतात. एक ठिणगी पुरते. म्हणून आधी सगळ्यात उंच जागी ड्रिलने भोक पाडायचं, आग नंतर. रॉड बदलताना स्विच बंद झाल्याचं तुझ्या माणसाने परत बोलून सांगितल्याशिवाय डायव्हरला हात पुढे करू देऊ नकोस. कापलेला तुकडा कुठे झुकेल आणि आपला माणूस कुठल्या बाजूला उभा असेल, हे कागदावर काढून दाखव. मुळात डायमंड वायर सॉ (हिऱ्याच्या तारेची करवत) आणि आरओव्हीने (वरून चालवायच्या पाण्याखालच्या यंत्राने) काम होत असेल, तर माणूस पाठवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंबिलिकलच्या लांबीचं तुला शिकवलंच असेल: सगळ्यात जवळच्या थ्रस्टरच्या (बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या) अंतरापेक्षा पाच मीटर कमी, आणि मदतीला तयार असलेल्या स्टँडबाय डायव्हरचं कामावरच्या डायव्हरच्या अंबिलिकलपेक्षा दोन मीटर जास्त. डीपी बोटीवर, म्हणजे थ्रस्टरच्या जोरावर जागेवर उभ्या राहणाऱ्या बोटीवर, हे मोजून बघ, आणि बोट हलली की पुन्हा मोज.

सॅटमध्ये, म्हणजे दिवसचे दिवस दाबाखालच्या चेंबरमध्ये राहणारी, माणसं असतील तर अजून एक. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला आग लागली, २२ जण गेले. प्लॅटफॉर्मला धडकलेल्या समुद्र सुरक्षा या बोटीनेही पेट घेतला. तिच्या चेंबरमध्ये दाबाखाली सहा डायव्हर होते. ते जवळजवळ ३६ तासांनी सुखरूप बाहेर आले. पंचाहत्तर मीटरच्या दाबावरून डीकॉम्प्रेशनला (दाब हळूहळू उतरवायला) तीन दिवसांहून जास्त लागतात, त्यामुळे चेंबरचं दार उघडून पळणं हा मार्गच नसतो. बोटीवर पाय ठेवलास की आधी हायपरबॅरिक लाइफबोट, म्हणजे आत दाब राखणारी लाइफबोट, बघ. ती चेंबरला नीट लागते का, चालते का, तिच्यात कोण बसणार, हे स्वतः विचार. बोलण्यावर जाऊ नकोस.

तुझ्यावर दबाव येईल. क्लायंटचा प्रतिनिधी, बोटीचा कप्तान, तुझाच मॅनेजर, सगळे मोठे. पण डाइव्ह सुरू करायचा हुकूम फक्त डायव्हिंग सुपरवायझरचा, हे आयएमसीएच्या (समुद्रातल्या कंत्राटदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) आचारसंहितेत आहे. आवाज चढवायची गरज नाही. “डायव्हर पाण्यात जाणार नाही” एवढं म्हण, आणि कारण लॉगमध्ये वेळेसकट लिही. तू वयाने लहान आहेस म्हणून थोडा जास्त वेळ उभं राहावं लागेल, इतकंच.

जुहूहून हेलिकॉप्टर पकडण्याआधी पहिल्या डाइव्हचा प्लॅन मला व्हॉट्सअॅपवर पाठव. आयसोलेशनचं, म्हणजे लाइन कशी बंद केली त्याचं, पान सगळ्यात वर ठेव.

तुझा,
काका