ध्येय ठरवताना निम्म्याच माणसाला विचारलंस

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात थोरला, सगळ्यांच्या मते शांत आणि समजूतदार. पुढच्या दहा वर्षांची ध्येयं कागदावर लिहून टेबलासमोर लावली आहेत : नोकरी, मग मास्टर्स, मग संशोधन विभागात काम. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोड मी लिहितो आणि प्रेझेंटेशन मित्र देतो. मागच्या रिव्ह्यूला तो आजारी पडला म्हणून मला उभं राहावं लागलं. परीक्षकांनी आमच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि मी चक्क वाद घातला. शेवटी त्यांनी मान्य केलं. मला ते फार म्हणजे फारच आवडलं, आणि घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘पाय जमिनीवर ठेव.’ खरं सांगायचं तर या मित्राचं कौतुक झालं की आधीपासूनच माझ्या पोटात दुखायचं. गंमत म्हणजे वर्गातल्या एका मुलीला मला हवी तशी संशोधनाची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो. आता कोड लिहायला बसलो की लक्ष लागत नाही. ही आगाऊ, मत्सरी बाजू दाबून ध्येयावर लक्ष कसं ठेवू? अॅप्टिट्यूड टेस्टमध्येही कल संशोधनाकडेच आला होता. की माझं ध्येयच चुकलंय?

उत्तर : 

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू ‘गंमत म्हणजे’ असं म्हणून जाता जाता लिहिलं आहेस. मी तिथूनच सुरुवात करतो.

कागदावरच्या ध्येयाप्रमाणे पाहिलं तर तुला मत्सर वाटायला हवा होता तो त्या मुलीचा. तुला जे हवंय असं तू म्हणतोस, ते तिला मिळालं. पण तू खूश झालास, आणि तो खोटेपणा नव्हता हे तुझ्या लिहिण्यावरून कळतं. पोटात दुखलं ते मित्राचं कौतुक झाल्यावर. तो तुझ्यापेक्षा हुशार आहे असं तू कुठेही म्हटलेलं नाहीस. त्याच्याकडे असं काय आहे जे तिच्याकडे नाही? तो लोकांसमोर उभा राहतो. प्रश्न अंगावर घेतो. काम त्याच्या तोंडून जगाला कळतं.

मत्सर ही भावना म्हणून वाईट दिसते, आणि तिच्या नादी लागून वागलं तर वाईटच. पण माहिती म्हणून ती फार प्रामाणिक असते. कौतुक आपण रीत म्हणून कुणाचंही करतो, मत्सर मात्र रीत म्हणून कुणी करत नाही. आपल्याला ज्यात काडीचा रस नाही, त्यात कुणी कितीही पुढे गेलं तरी आपल्याला काही होत नाही. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ‘तुला काय व्हायचंय’ हे उशिरा विचारतो. आधी विचारतो, ‘कुणाचं काय झालं की तुझा दिवस खराब जातो?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. दुसऱ्याला मुलं जरा थांबतात, आणि ऐकण्यासारखं त्यानंतर येतं.

आता दाबण्याविषयी. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर समोरची घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिल्या. पुढच्या टप्प्यात त्याच मुलांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या मुलांपेक्षा यांच्याच मनात ते अस्वल जास्त वेळा आलं. कोड लिहायला बसलास की लक्ष लागत नाही म्हणतोस ना, त्यात याचाही वाटा असणार. कोडिंगचा तुला कंटाळा आलाय असं मला वाटत नाही. तू एकाच वेळी दोन कामं करतो आहेस, एक कोड लिहिण्याचं आणि दुसरं त्या रिव्ह्यूच्या आठवणीला दाराबाहेर ठेवण्याचं. दुसरं काम जास्त दमवतं.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग (1875–1961) याने माणसाच्या या भागाला ‘छाया’ म्हटलं. लोकांसमोर जे रूप घेऊन आपण वावरतो तो मुखवटा, आणि त्या रूपात न बसणारं जे जे आपण मागे ढकलतो ती छाया. युंगची मांडणी रुग्णांच्या आणि स्वतःच्या निरीक्षणातून आलेली आहे, वेग्नरसारखी प्रयोगातून नव्हे, तेव्हा ती त्या बेताने घ्यावी. पण त्याचा एक मुद्दा मला रोजच्या कामात पटत आला आहे : छायेत फक्त वाईट गोष्टी नसतात. घरात ज्या गुणाला जागा नव्हती, तो चांगला गुणही तिथेच जाऊन बसतो. थोरला, शांत, समजूतदार. या तीन शब्दांत वाद घालणाऱ्या मुलाला कुठे जागा आहे? धाकट्याने आवाज चढवला तर तो ‘तेज’ ठरतो आणि थोरल्याने चढवला तर ‘आगाऊ’, हे बहुतेक घरांत असंच चालतं. तू लहानपणीच शिकलास की गप्प राहिलं की कौतुक होतं. तुझा दोष नाही, घरच्यांचाही नाही. पण म्हणून तुझ्यातला बोलणारा माणूस संपला नव्हता, हे त्या रिव्ह्यूला तुला कळलं.

टेस्टबद्दल थोडक्यात. कल मापनाच्या अनेक चाचण्या मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड याच्या 1959 पासूनच्या मांडणीवर उभ्या आहेत. त्यात सहा प्रकार असतात : वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील (म्हणजे पुढाकार घेणारा, लोकांना पटवणारा) आणि पारंपरिक. चाचणी उपयोगाची असते, मी स्वतः देतो. पण ती तुला बाहेरून तपासत नाही, तू दिलेली उत्तरंच मोजून परत देते. ‘लोकांना आपलं म्हणणं पटवून द्यायला आवडतं का?’ अशा प्रश्नापुढे तू काय टिक केलं असशील? नाही. त्या दिवशी ते उत्तर खरंही वाटलं असेल, कारण उत्तरपत्रिका समजूतदार थोरल्याने भरली होती. आता पुन्हा दिलीस तर संशोधकाचे गुण फारसे हलणार नाहीत असा माझा अंदाज आहे, पण उद्यमशीलचा आकडा नक्की वर जाईल.

मग ध्येय चुकलंय का? नाही. ते अर्धवट आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया याने 1966 मध्ये तरुणांच्या ‘मी कोण’ या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातल्या एका अवस्थेत माणूस शोध न घेताच निर्णय पक्का करून टाकतो : चांगला रस्ता दिसला, घरच्यांना पटला, चालायला लागला. दुसऱ्या अवस्थेत शोध चालू असतो आणि निर्णय झालेला नसतो. तू पहिलीतून दुसरीत आला आहेस. दुसरी जास्त अस्वस्थ करणारी असते, त्यामुळे मुलांना वाटतं आपण घसरलो. ती घसरण नव्हे. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट या मानसशास्त्रज्ञांच्या 1999 च्या अभ्यासाचं सार असं की जी ध्येयं माणसाच्या स्वतःच्या आवडीतून आणि मूल्यांतून आलेली असतात, त्यांच्यासाठी तो जास्त काळ नेटाने कष्ट घेतो, आणि ती गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. अपराधीपणातून किंवा दुसऱ्याच्या दबावातून घेतलेल्या ध्येयांचं तसं होत नाही.

तुझ्या कागदावरची कुठली ओळ कशातून आली हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तू शोधू शकतोस. प्रत्येक ओळीसमोर त्या कामातला एक साधा मंगळवार लिहून काढ. पहिला दिवस नको, बक्षीस मिळाल्याचा नको, मधलाच कुठलातरी मंगळवार. सकाळी दहा वाजता तू कुठे बसला आहेस, स्क्रीनवर काय आहे, बाराला कुणाशी बोलतोस, चारला कशाने डोकं उठलंय. ‘संशोधन विभागात काम’ याचा मंगळवार लिहिताना तुझा हात अडखळला, तर ते ध्येय अजून तुझ्यासाठी नुसतं नाव आहे. भरभर लिहिलास आणि त्यात कुठेतरी चार माणसांसमोर फळ्यापाशी उभा असलेला तू आपोआप आलास, तर उत्तर तुझ्या हातात आहे.

इथवर मी तुझ्या छुप्या बाजूची वकिली केली. आता तिची उलटतपासणी. ‘मी वाद घातला, त्यांनी मान्य केलं, फार आवडलं,’ असं तू लिहितोस. नेमकं काय आवडलं? परीक्षक गप्प झाले तो क्षण, की त्यांना मुद्दा कळला तो क्षण? दोन्हींत फार अंतर आहे. समजावून देण्यात ज्याला गोडी आहे, तो टीममध्ये सगळ्यांना हवा असतो. समोरच्याला निरुत्तर करण्यात ज्याला गोडी आहे, त्याला पहिलं वर्षभर सगळे हुशार म्हणतात आणि नंतर मीटिंगला बोलावणं टाळतात. दडपलेली बाजू पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा ती कच्ची असते, आणि बहुधा दोन्हींचं मिश्रण असते. छुपी बाजू ओळखली म्हणजे तिच्या हातात कारभार द्यायचा, असा अर्थ काही लोक लावतात. ‘मी आता असाच आहे’ म्हणत ते चारचौघांत फटकळ वागतात. मला ते मान्य नाही. ओळख द्यायची, काम द्यायचं, वळणही लावायचं.

वळण लावायला मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर याची एक साधी पद्धत कामाची आहे. 1999 मध्ये त्याने तिच्यावर सविस्तर लिहिलं आहे. नुसतं ‘मी नीट बोलेन’ असं ठरवायचं नाही, प्रसंग आणि कृती जोडून ठरवायची : ‘अमुक झालं, तर मी तमुक करेन.’ तुझ्यासाठी एक देतो. ‘कुणी माझ्या कामावर आक्षेप घेतला, तर आधी तो आक्षेप माझ्या शब्दांत परत सांगेन, त्याने हो म्हटलं की मगच उत्तर देईन.’ हे वाक्य पुढच्या रिव्ह्यूच्या आदल्या रात्री वहीत लिही. आक्षेप परत सांगण्यात जे दहा सेकंद जातात, तेवढ्यात आवाज खाली येतो. शिवाय कधी कधी लक्षात येतं की समोरचा बरोबर आहे. तेव्हा तुला कसं वाटतं तेही टिपून ठेव, कारण वरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

करिअरचं म्हणशील तर कोड आणि बोलणं यांतलं एक निवडायची वेळ आलेलीच नाही. दोन्ही लागणारी कामं भरपूर आहेत. क्लायंटला नेमकं काय हवंय ते काढून घेऊन टीमला समजावणारा बिझनेस अॅनालिस्ट, विक्रीआधी तांत्रिक बाजू मांडणारा प्री-सेल्स इंजिनिअर, क्लायंटच्या गरजेप्रमाणे पूर्ण प्रणालीचा आराखडा आखणारा सोल्युशन आर्किटेक्ट, प्रॉडक्टमध्ये काय असावं ते ठरवणारा प्रॉडक्ट मॅनेजर. यातल्या बऱ्याच जागांवर माणूस काही वर्षं हाताने काम करून मगच नीट उभा राहतो, त्यामुळे तुझे कोडिंगचे तास वाया जात नाहीत. आणि संशोधन सोडायचंच असंही नाही. संशोधकाला पेपर मांडावा लागतो, आक्षेपांना उत्तरं द्यावी लागतात, निधी मागताना आपला प्रश्न महत्त्वाचा का हे पटवावं लागतं. नुसतं एका कोपऱ्यात शांतपणे बसायचं काम, ही संशोधनाची बाहेरून दिसणारी प्रतिमा आहे. मला शंका आहे की तू संशोधन निवडलंस ते काही अंशी या प्रतिमेमुळे, कारण ती ‘समजूतदार’ मुलाला शोभते.

या सत्रात मोठा निर्णय घेऊ नकोस. ज्युनिअर मुलांना एखादा विषय शिकव, किंवा कॉलेजच्या तांत्रिक क्लबमध्ये एक सेशन घे. गाइडना सरळ विचार, ‘त्या दिवशी माझं बोलणं कसं वाटलं? कुठे जास्त झालं?’ आपल्याला न दिसणारं आपलं रूप त्यांनी समोरून पाहिलंय. दोन-तीन अनुभव गाठीशी आले की कागदावरची पहिली ओळ तशीच ठेव आणि खालच्या दोन पेन्सिलने लिही. लक्ष न लागणं मात्र आठवडेच्या आठवडे चाललं, झोप आणि जेवण बिघडलं, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. तो माझ्या पत्रातून सुटणारा प्रश्न नाही.

बाबांचं ‘पाय जमिनीवर ठेव’ तू नकार म्हणून ऐकलंस. त्यांना मंगळवारचा कागद दाखव आणि मग काय म्हणतात ते ऐक. मुलगा बोलायला लागला याची वडिलांना आधी काळजीच वाटते.

राहिला मित्र. त्याला मत्सराची कबुली द्यायची काही गरज नाही, त्याने तुझं मन हलकं होईल आणि त्याचं जड. एवढंच म्हण की पुढच्या रिव्ह्यूला पद्धतीचा आणि निष्कर्षांचा भाग मी मांडतो, प्रस्तावना आणि डेमो तुझ्याकडे. आणि त्याच्याकडून एक शिकून घे : उत्तर येत नसलेला प्रश्न आला की तो काय करतो? त्या दिवशी तुला सगळी उत्तरं येत होती. पुढच्या वेळी येतीलच असं नाही.