दिसायला देखणा, ऐकायला सुमार

हेडफोनला तांबूस रंगाची कड, मऊ पॅड, ठेवायला सुबक पेटी. फोटो बघून जीव जडणारच. पण पैसे मोजण्याआधी तो दहा मिनिटं तरी कानाला लाव. दुकानातलं धडाधड वाजणारं डेमो गाणं नको, तुझ्या चांगल्या ओळखीचं काहीतरी लाव. तबला असेल तर उत्तम. डग्गा घुमतोय, पण चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा 'ना' त्यात बुडून जातोय, गायक पडद्याआडून गातोय असं वाटलं, तर समज की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगवलाय. हा प्रकार स्वस्तात चालतो तसा महागातही चालतो, कारण पहिल्या दोन मिनिटांत तो भारी वाटतो.

खोक्यावरच्या '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ'ला भुलू नकोस. ही फक्त सर्वात जाड ते सर्वात बारीक आवाजाची हद्द; त्यातला कुठला पट्टा किती जोरात वाजतो, हे त्यावरून कळतच नाही. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, 40 मिलिमीटरचा की 50चा, तेही तसंच.

दिसणं वेगळं आणि वाजणं वेगळं, हे पटत नसेल तर सोनीचा एमडीआर-7506 हेडफोन बघ. 1991 पासून स्टुडिओंत वापरला जातोय. गुंडाळीची वायर, निळी पट्टी, रूप यथातथाच (मला आवडतं, ते सोड).

आधीच घेऊन बसला असशील, तर पॅड कानाभोवती नीट बसतोय का बघ. चष्म्याच्या काडीने फट राहिली तरी बास पातळ होतो. आवाज फुगीर असेल तर इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) 100 ते 250 हर्ट्झ दोन-तीन डेसिबल खाली आण. तरीही गायक पुढे येत नसेल, तर मुदत आहे तोवर परत पाठव. खोकं मात्र फाडू नकोस.